घरचा कॅमेरा बाहेरगावाहून दिसत नाही? पोर्ट फॉरवर्डिंग करण्याआधी राउटरमध्ये ही एक गोष्ट बघा

चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्या दिसणं ही आता ब्रेकिंग न्यूज राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा जीव गेला. गडचिरोलीतल्या जंगलालगतच्या गावांचीही हीच चिंता. त्यामुळे अंगणात किंवा गोठ्यावर कॅमेरा लावणं हा इथे हौसेचा विषय नाही.

अडचण येते ती घराबाहेर पडल्यावर. घरच्या वायफायवर चारही कॅमेरे दिसतात. पण तुम्ही कामासाठी नागपूरला गेलात, घरी म्हातारे आईवडील एकटे आहेत आणि स्क्रीन काळी! मग कोणीतरी सांगतं, "राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कर." व्हिडिओ बघून तुम्ही करताही, तरी कॅमेरा काही दिसत नाही. असं का होतं?

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय?

वेकोलिची एखादी वसाहत डोळ्यांसमोर आणा. गेट एकच, त्यावर चौकीदार आणि आत नंबर दिलेले क्वार्टर. तुमचा राउटर म्हणजे तो चौकीदार. फोन, टीव्ही आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर हे क्वार्टर. त्यांचे नंबर १९२.१६८.१.५ असे असतात. हे नंबर फक्त वसाहतीच्या आत चालतात. बाहेरच्या जगाला गेटचा एकच पत्ता माहीत असतो, तो म्हणजे पब्लिक आयपी.

आतून कोणी बाहेर गेलं, तर चौकीदार वहीत नोंद करतो आणि उत्तर बरोबर त्याच क्वार्टरला पोहोचवतो. पण बाहेरून कोणी आपणहून आलं, तर त्याला परत पाठवतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे चौकीदाराला दिलेली सूचना: "८००० नंबर सांगत कोणी आलं, तर ५० नंबरच्या क्वार्टरला पाठव."

मग फिक्स पत्ता कशाला?

कारण क्वार्टरचे नंबर राउटर स्वतः वाटतो आणि ते बदलू शकतात. वादळात लाइट गेली, राउटर परत सुरू झाला आणि ५० नंबरवरचा डीव्हीआर ७ नंबरवर गेला, की चौकीदार पाहुण्याला रिकाम्या क्वार्टरला पाठवत बसतो. म्हणून आधी पत्ता फिक्स, मग फॉरवर्डिंग.

करायचं कसं?

१. घरच्या वायफायवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. लॉगिनची माहिती बहुतेक वेळा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असते.

२. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत डीव्हीआर शोधा. त्याचा १२ अक्षर-आकड्यांचा मॅक ॲड्रेस लिहून घ्या.

३. डीएचसीपीच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा. तो मॅक ॲड्रेस आणि १९२.१६८.१.५० असा पत्ता टाका. पत्त्याचे पहिले तीन भाग तुमच्या राउटरसारखेच हवेत. मग डीव्हीआर एकदा बंद करून सुरू करा.

४. 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' या पानावर हाच पत्ता आणि डीव्हीआरचा पोर्ट नंबर भरा. अनेक डीव्हीआरमध्ये तो ८००० किंवा ३७७७७ असतो. नेमका नंबर डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत दिसेल.

५. फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तपासा.

सगळं बरोबर केलं, तरी चालत नाही?

इथेच बहुतेक लोक अडकतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या एकाच पब्लिक आयपीमागे कितीतरी ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे तुमच्या वसाहतीबाहेर आणखी एक गेट आहे आणि तिथला चौकीदार कंपनीचा आहे. पाहुणा तिथूनच परत जातो. तुमच्या चौकीदाराला सूचना देऊन उपयोग काय?

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' बघा. मग त्याच वायफायवर गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा. दोन्ही आकडे सारखे असतील, तर फॉरवर्डिंग चालू शकतं. वेगळे असतील, तर पुढे आणखी एक गेट आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर ते सीजीनॅटच समजा. १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीच्या फायबर बॉक्समागे तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर लावलाय. भामरागड-एटापल्लीकडे सिमकार्डवर राउटर चालवत असाल, तर सीजीनॅटचीच शक्यता जास्त.

मग पर्याय काय?

सगळ्यात सोपा म्हणजे डीव्हीआरची क्लाउड किंवा पीटूपी सोय. क्यूआर कोड स्कॅन केला, की डीव्हीआर स्वतःच बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे पोर्ट उघडावाच लागत नाही. दुसरा पर्याय टेलस्केलसारखं व्हीपीएन. त्यासाठी घरात एक छोटा कॉम्प्युटर कायम सुरू ठेवावा लागतो. तिसरा म्हणजे कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेणं. त्याचे सहसा वेगळे पैसे लागतात. पब्लिक आयपी आहे पण सारखा बदलतो, अशांना डीडीएनएस पुरतं.

उघडं दार फक्त तुमच्यासाठी नसतं

पोर्ट उघडला, की तो साऱ्या जगाला दिसतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीचे मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास अडखळल्या. त्यामुळे पोर्ट उघडण्याआधी डीव्हीआरचा पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा आणि 'डीएमझेड' हा पर्याय चुकूनही चालू करू नका.

अंगणातला बिबट्या तुम्हाला दिसावा म्हणून कॅमेरा आहे. घरात कोण आहे आणि कोण नाही, हे त्यातून अनोळखी माणसाला दिसायला नको. म्हणून टेक्निशियनला पैसे देण्याआधी ते दोन आकडे एकदा जुळवून बघा. आणि क्यूआर कोडने काम भागत असेल, तर पोर्ट बंदच राहू द्या.