सासूबाईंची शिदोरी

लेक परगावी निघाला की आपण त्याच्या पिशवीत दशम्या-चटणीचा डबा कोंबतो. तो कुरकुरतो, "आई, वाटेत सगळं मिळतं गं!" पण वाटेत मिळत असूनही तिथं बसून खाऊ दिलं नाही तर?

फेब्रुवारी १९४६ची गोष्ट. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसहून निघालेल्या लेकाला आणि नव्या सुनेला निरोप देताना मॅली रॉबिन्सन या माऊलीनं बुटांचं एक खोकं हाती दिलं. आत तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी. लग्नाला जेमतेम तीन आठवडे झालेली सून रेचल संकोचली. विमानानं जायचं आणि हातात हे खोकं!

तो लेक म्हणजे जॅकी रॉबिन्सन. बेसबॉल म्हणजे अमेरिकेचं क्रिकेटच म्हणा ना! पण साठेक वर्षं तिथल्या मोठ्या लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीयाला जागा नव्हती. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे ब्रँच रिकी यांनी जॅकीला निवडलं, पण एका अटीवर. कुणी कितीही अपमान केला तरी उलटून उत्तर द्यायचं नाही.

जॅकी काही गरीब गाय नव्हता. १९४४ साली लष्करात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला त्यानं साफ नकार दिला होता. कोर्ट मार्शल झालं, त्यातून तो निर्दोष सुटला.

आणि आता सरावासाठी फ्लोरिडाला जाताना न्यू ऑर्लिन्सला दोघांना पुढच्या विमानात जागाच नाकारली. उपाहारगृहात सांगितलं, खाणं घेऊन जा, इथं बसायचं नाही. तेव्हा सासूबाईंचं खोकं उघडलं! पुढं पेन्साकोलाला त्यांना विमानातूनच उतरवलं. बसमध्ये ड्रायव्हरनं मागे पिटाळलं. जॅकी मुकाट्यानं उठला. रेचल अंधारात रडत राहिली.

मॅलीला हे सगळं ठाऊक होतं. नवरा सोडून गेल्यावर पाच मुलांना घेऊन १९२०मध्ये तिनं जॉर्जिया सोडलं होतं आणि लोकांच्या घरची कामं करून त्यांना वाढवलं होतं.

१५ एप्रिल १९४७ला जॅकी मोठ्या लीगमध्ये उतरला. शिव्या, धमक्या सोसत त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, १९४९मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १९५५मध्ये डॉजर्सनं जगज्जेतेपद मिळवलं, त्या संघातही तो होता.

१९७२मध्ये अवघ्या ५३व्या वर्षी जॅकी गेला. नर्सिंग शिकून येल विद्यापीठात शिकवलेल्या रेचलनं पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं संस्था काढली. ती गरजू, हुशार मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देते. जॅकीचा ४२ नंबर १९९७मध्ये सगळ्याच संघांनी कायमचा राखून ठेवला. २००९पासून दर १५ एप्रिलला मात्र झाडून सगळे खेळाडू तोच नंबर घालून मैदानात उतरतात. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये जॅकीच्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हा शंभरी गाठलेली रेचल तिथं हजर होती.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी लेकरानं डब्याला नाक मुरडलं, तर त्याला या खोक्याची गोष्ट जरूर सांगा. आणि डबा द्याच!