सफरीतले पाणी : किती न्यावे, कसे न्यावे, कसे पुरवावे

लांबच्या सफरीला निघण्यापूर्वी आपण पुष्कळ गोष्टी मोजतो. डिझेल किती लागेल, टोल किती होईल, तांदूळ किती किलो घ्यायचे, मुलांचे कपडे किती जोड. पाण्याचे मात्र "मिळेल की वाटेत" असे म्हणून सोडून देतो. हमरस्त्यावर ते मिळतेही. पण स्वतःची गाडी घेऊन, तंबू टाकून, स्वतः रांधून राहायचे असेल आणि वाट ओसाड मुलखातून जात असेल, तर तांदळाआधी पाणी मोजले पाहिजे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोन भावांची कुटुंबे मिरजेहून कच्छला गेलो. जाताना बाराशे किलोमीटरच्या आसपास अंतर, दोन गाड्या, माणसे नऊ. त्यात आमची सत्तरीतली अम्मी आणि तीन मुले. पुणे, अहमदाबाद, भुजपर्यंत पाण्याची चिंता नव्हती. त्यापुढे बन्नीचे गवताळ रान आणि खावड्याहून धोलावीऱ्याला जाणारा रणातला रस्ता. तिथे सुमारे ३० किलोमीटर दोन्ही बाजूंना पाणी आणि मीठच दिसते, पण पिण्याजोगा थेंब नाही. या पट्ट्यासाठी आम्ही जो हिशेब मांडला तो इथे देतो. तो कोणत्याही कुटुंबाला आपल्या माणसांप्रमाणे बदलून घेता येईल.

हिशेब माणशी, रोजचा

उन्हाच्या दिवसांत मोठ्या माणसाला चहा-सरबत धरून पिण्यासाठी रोज ४ लिटर पाणी धरावे, लहान मुलाला अडीच लिटर. आमची मोठी माणसे सहा, म्हणजे २४ लिटर. मुले तीन, म्हणजे साडेसात. एकूण सुमारे ३२ लिटर. भात, डाळ आणि चहा यांसाठी माणशी दीड लिटरच्या हिशेबाने आणखी १३. रोजचे ४५ लिटर झाले.

ओसाड पट्टा दोन दिवसांचा होता. त्यावर एक दिवस राखीव धरला. गाडी बिघडते, टायर फुटतो, रस्ता चुकतो. तो दिवस याच्यासाठी. तीन दिवसांचे १३५ लिटर. वीस लिटरचे सहा कॅन म्हणजे १२०, नळाची पाच लिटरची एक टाकी, आणि प्रत्येकाची एक लिटरची बाटली अशा नऊ. बेरीज १३४. एका लिटरचा फरक आम्ही चालवून घेतला.

आता वजन पाहा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन गाड्यांत वाटले तरी प्रत्येकीत ६७ किलो होतात. म्हणजे प्रत्येक गाडीत एक माणूस वाढला असे समजून बाकीचे सामान कमी करावे लागते. आम्ही लोखंडी खाट, दोन गाद्या आणि मोठा डेग घरीच ठेवला. पाण्याचे कॅन टपावरच्या कॅरिअरवर कधीही बांधू नयेत. वरचा भार वळणावर गाडी कलंडवू शकतो आणि उन्हात पाणी तापते ते वेगळेच. कॅन मागच्या बाजूला खाली, सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्याने आवळून ठेवावेत. अचानक ब्रेक लागला तर वीस किलोचा कॅन पुढच्या माणसाच्या मानेवर येऊ शकतो.

भांडी कोणती?

एकच मोठी टाकी नेण्यापेक्षा वीस-वीस लिटरचे कॅन बरे. एक फुटला तरी बाकीचे शाबूत राहतात, आणि घरातली बाईसुद्धा तो उचलू शकते. कॅन खाद्यपदार्थांसाठी बनवलेला असावा. बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असलेले प्लास्टिक पाण्यासाठी चालते. रंगाचा, औषधाचा किंवा तेलाचा जुना डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये. निघण्यापूर्वी कॅन खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने खळबळून उन्हात वाळवावेत. सफरीत कॅनमध्ये हात किंवा पेला बुडवू नये. कॅनमधून नळाच्या टाकीत आणि तिथून बाटलीत, हाच क्रम ठेवावा.

वाटेत भरताना

पाणी नितळ दिसले म्हणून पिण्याजोगे असतेच असे नाही. जंतूंची शंका असेल तर चांगली उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्यावे, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड तर उकळूनही जात नाहीत. विरघळलेल्या क्षारांसाठी खिशात मावणारे टीडीएस मीटर मिळते. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चांगले; दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. हे यंत्र जंतूंबद्दल काही सांगत नाही, हे लक्षात ठेवावे.

वुजूचे पाणी वेगळे

वापरायच्या पाण्याचे दोन कॅन आम्ही निळ्या रंगाचे घेतले, पिण्याचे सगळे पांढरे. निळे रिकामे न्यायचे आणि मुक्कामाजवळच्या गावात विचारून भरायचे. कच्छमध्ये हे पाणी बहुधा मचूळ असते. भांडी धुवायला ते चालते आणि वुजूलाही चालते. समुद्राच्या पाण्याने वुजू होते, मग मचूळ पाण्याने का नाही?

पाणी किती लागते तेही आम्ही घरीच मोजले होते. नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखे वुजू केले तर बादलीत साडेपाच लिटर पाणी जमले. तोटीच्या लोट्याने केले तेव्हा पाऊण लिटरात झाले. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्दभर पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे, आणि मुद्द म्हणजे साधारण एवढेच पाणी. मुलांनी हे स्वतः मोजल्यामुळे सफरीत त्यांना एकदाही टोकावे लागले नाही. आणि पाणी पिण्यापुरतेच उरले असेल तर ते तहानेसाठी राखून तयम्मुम करावा, ही सवलत दीनने दिलेलीच आहे. तिचा संकोच करू नये.

पाणी आहे, पण प्यायले जाते का?

हा मुद्दा आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. भाऊजींच्या मुलीकडे आम्ही पाण्याची हजेरी दिली होती. प्रत्येकाच्या बाटलीवर नावाची पट्टी. बाटली संपली की वहीत एक रेघ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही पाहिली. पुरुषांच्या नावापुढे चार-चार रेघा, मुलांच्या पुढे दोन-तीन आणि अम्मीच्या पुढे एकच. थोरल्या मुलीच्या पुढेही एकच. अम्मीचे डोके दुपारपासून दुखत होते आणि पोटऱ्यांत गोळे येत होते.

विचारले तर म्हणाली, "बेटा, वाटेत कुठे बसायचं? त्यापेक्षा नाही प्यायलेलं बरं."

आपल्या घरातल्या किती तरी बायका प्रवासात हेच करतात आणि कुणाला सांगत नाहीत. सकाळचा चहा अर्धा सोडतात, दिवसभर ओठ ओले करतात. त्यातून लघवीची जळजळ होते, चक्कर येते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना तर जास्तच त्रास होतो, कारण त्या गोळ्या शरीरातले पाणी बाहेर टाकतात. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडले असे समजावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच निघावे.

त्या रात्री ठरले की दर दोन तासांनी गाडी थांबेल, पेट्रोल पंप दिसला की आधी बायका उतरतील, आणि ओसाड जागी कपडे बदलायचा छोटा उभा तंबू, फावडे व पाण्याचा लोटा सगळ्यांत आधी गाडीतून निघेल. तंबू सोबत होताच, तो फक्त सामानाच्या तळाशी होता. अम्मीला त्या वेळी साखर-मिठाचे पाणी दिले : एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तिसऱ्या दिवशी वहीत तिच्या नावापुढे तीन रेघा होत्या. कॅन कितीही भरून न्या. बायकांच्या उतरण्याची सोय केली नाही तर ते पाणी त्यांच्यासाठी नसतेच.

बन्नीचे लोक आणि धोलावीरा

बन्नीतले मालधारी हे गुरे पाळणारे लोक, बहुतेक मुसलमान. त्यांचे विरडे आम्ही पाहिले. सखल जागी पावसाचे गोडे पाणी मुरते आणि हलके असल्यामुळे जमिनीतल्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. तिथे ते उथळ खड्डा खणतात, आतून लाकूड आणि गवताचे अस्तर लावतात आणि झिरपेल तेवढेच काढतात. एकदम उपसले तर खालचे खारे पाणी वर येते.

धोलावीऱ्याला तर हडप्पा काळातले अख्खे शहरच अशा मुलखात वसले होते. मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांना पावसाळ्यापुरतेच पाणी. ते बांध घालून अडवायचे आणि मोठमोठ्या हौदांत साठवायचे. काही हौद खडकात खोदलेले आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मुलांनी हौदाच्या पायऱ्या मोजल्या आणि आपल्या सहा कॅनांशी त्याची तुलना केली.

राखीव कॅन

शेवटच्या दिवसाचे राखीव पाणी, ओसाड पट्टा पार होईपर्यंत उघडायचे नाही, हा नियम ठेवावा. आम्ही तो एकदाच मोडला. परतताना रणातल्या रस्त्यावर एक गाडी गरम होऊन थांबली होती, आत म्हातारे जोडपे आणि एक तान्हे मूल. त्यांना एक कॅन उतरवून दिला. आमच्याजवळ तेव्हा आणखी दोन होते आणि पुढचे गाव तासाभरावर. तहानलेल्याला पाणी पाजणे हा फार मोठा सदका आहे, आणि तो करता यावा म्हणूनही गरजेपेक्षा थोडे जास्त पाणी न्यावे.

येत्या सुटीत निघणार असाल तर आजच एक काम करा. घरातल्या प्रत्येकाला एक लिटरची बाटली द्या आणि दिवसभरात कोण किती पितो ते वहीत लिहा. त्या आकड्यावरून तुमचा हिशेब मांडा. अल्लाह आपणा सर्वांचे सफर आसान करो.