करवंदाचा रंग वाया घालवू नका

पेण तालुक्यातील जोहे गाव गणेशमूर्तींकरिता विख्यात असून रंगाची पारख तेथे घरोघरी आहे. वैशाखात डोंगरावर पिकणाऱ्या करवंदाच्या रंगाचे मोल मात्र थोड्यांनीच जाणले आहे.

करवंद, जांभूळ व रातांबा यांचा गडद रंग अँथोसायनीन या द्रव्यांचा होय. ऑक्सिजनच्या अनिष्ट क्रियेस ही द्रव्ये आवर घालतात, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. म्हणून त्यांस प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात. हे औषध नव्हे, आहार होय.

हा रंग मोठा नाजूक असतो. प्रखर ऊन व दीर्घ उकळी यांनी तो नाश पावतो. कच्च्या करवंदाचे लोणचे रुचकर खरे, परंतु त्यात तो थोडाच. सरबताकरिता काळीभोर फळे घ्यावीत, मंद आचेवर अल्पकाळच तापवावीत. भांडे लोखंडाचे वा तांब्याचे नसावे.

कातकरी व ठाकूर भगिनी काट्यांतून फळे वेचतात आणि त्याच दिवशी खप न झाल्यास पडेल भावाने देतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच त्यांच्या बचत गटांस ही कृती करून दाखवावी.

बांधावरील करवंदीच्या जाळ्या शेतकरी बंधूंनी जळणाकरिता तोडू नयेत. नवे कुंपण करावयाचे असल्यास पिकल्या फळांचे बी धुऊन लगेच पेरावे. साठविलेले बी फारसे उगवत नाही.