ब्लेड ‘डेड’ झाले म्हणण्याआधी

टेबल टेनिसच्या बॅटमधली लाकडी फळी, म्हणजे ब्लेड, दोन-तीन वर्षांत ‘डेड’ होते आणि मग नवे घ्यावेच लागते, हा समज खेळाडूंत आणि त्यांच्या पालकांत पक्का बसला आहे. तो आला आहे रबराच्या अनुभवावरून. घाम, धूळ, ऊन आणि हवा यांनी रबराची पकड जाते आणि रोज खेळणाऱ्याला ते काही महिन्यांत बदलावे लागते. लाकडाचे तसे नाही. पाच किंवा सात पातळ थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवून बनवलेली ही साधारण सहा मिलिमीटरची फळी असते आणि तिच्यावर आदळणारा चेंडू अवघा २.७ ग्रॅमचा. आठवड्यातून चार-पाच दिवस खेळणाऱ्याचे नीट सांभाळलेले ब्लेड दहा-पंधरा वर्षे सहज साथ देते. ब्लेड खेळून संपण्याआधी बिघडते ते बहुधा हवेतल्या ओलीने, रबर उपटण्याच्या घाईने आणि टेबलाच्या कडेवर बसलेल्या फटक्याने. यातला ओलीचा धोका चंद्रपूर-गडचिरोलीत फार मोठा आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे ओल घेते आणि सोडते. सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या चार-पाच टक्क्यांवर स्थिरावते; ८५ टक्के आर्द्रतेत तीच सतराच्या घरात जाते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांना भिडतो तेव्हाची कोरडी दुपार आणि श्रावणात भामरागड-अहेरीकडे लागणारी झड ही या मापाची दोन टोके आहेत. नुसत्या हिशेबाने ८५ ग्रॅमचे ब्लेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना सुमारे दहा ग्रॅमने जड होऊ शकते. वर रबर चिकटलेले असल्याने प्रत्यक्षात फरक त्याहून कमी पडतो, पण हाताला कळतो. शिवाय ओल धरलेले लाकूड मऊ होते आणि चेंडू मंद सुटतो. पावसाळ्यात ‘ब्लेड मेले’ असे वाटते ते पुष्कळदा एवढ्यामुळे. तेच ब्लेड दिवाळीनंतर पुन्हा तोलून, खेळून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा. उन्हाळ्यात आणखी एक भर पडते ती कूलरची. बाहेरची हवा ठणठणीत कोरडी, कूलरच्या खोलीत ती दमट. बॅट रोज या दोन्हींतून ये-जा करते. अशा आंदोलनात लाकूड फुगते, आकसते, आणि हा ताण थरांमधल्या गोंदावर येतो.

इथे या भागातला माणूस साहजिकच सागाची आठवण काढेल. बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेले; जे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते त्याचेच ब्लेड का करू नये? प्रश्न रास्त आहे, आणि साग ओलीने कमी फुगतो हेही खरे. पण सागाची ख्याती आहे ती वाळवी आणि बुरशीपुढे न झुकण्याची, आणि घरात ठेवलेल्या ब्लेडला त्यांचे भय जवळजवळ नसतेच. साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, तर ब्लेडच्या गाभ्यात नेहमी वापरले जाणारे आयूस हे आफ्रिकी लाकूड ३८०च्या आसपास. पूर्ण सागाची बॅट मनगटाला झेपणार नाही. त्यातून सागाच्या अंगच्या तेलकटपणामुळे गोंदही नीट धरत नाही. दारासाठी जे गुण, ते इथे कामाचे नाहीत.

कार्बनचे ब्लेड अमर असते, हाही असाच एक समज. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकूडच असावा लागतो आणि तंतूंचा कोणताही एक थर जाडीच्या ७.५ टक्क्यांहून किंवा ०.३५ मिलिमीटरहून, यातले जे कमी असेल त्याहून, जाड चालत नाही. म्हणजे महागड्या कार्बन ब्लेडचेही लाकूड तसेच फुगते. व्हार्निशबद्दलही गैरसमज आहे. त्याचा पातळ हात ओल अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतो. त्याचा मुख्य उपयोग रबर काढताना वरच्या थराचे तंतू उपटून येऊ नयेत हा. जाड लेप दिला तर चेंडूचा स्पर्शच बदलतो. पाणी सर्वांत वेगाने शिरते ते लाकडाचे तंतू जिथे कापले गेलेले असतात तिथून, म्हणजे ब्लेडच्या टोकातून आणि मुठीच्या तळातून. म्हणून टोकाला कडेची पट्टी लावावी, मुठीच्या तळाला व्हार्निशचा एक हात द्यावा, आणि रबर पुसायचा स्पंज पिळून घ्यावा.

यावर आक्षेप येतो की अव्वल खेळाडू तर ब्लेड बदलत राहतात. रोज तासन्‌तास पूर्ण ताकदीने मारणाऱ्याच्या ब्लेडमध्ये मानेजवळ आणि गोंदाच्या थरांत खरोखर सैलपणा येऊ शकतो, हे मान्य. पण चांगल्या ब्लेडची किंमत त्यांनाही कळते. ३० जुलै २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकल्यावर छायाचित्रकारांच्या गर्दीत चीनच्या वांग चुचिनची बॅट तुटली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅटने खेळताना तो स्वीडनच्या त्रुल्स मोरेगार्डकडून हरला. पराभव तेवढ्याचमुळे झाला असे म्हणता येत नाही. ती बॅट मात्र जुनी होऊन गेली नव्हती.

रबर बदलताना सर्वाधिक संयम लागतो. मुठीच्या बाजूच्या कोपऱ्यातून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सावकाश ओढावे. वरचा थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो आणि ब्लेडचा ताठपणा मुख्यतः त्याच्यावर अवलंबून असतो, म्हणून पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. तुकडा उचकटला तर लाकडाचा गोंद लावून तो जागच्या जागी दाबावा. पाण्यात बनवलेला रबराचा गोंद पूर्ण वाळून पारदर्शक झाल्यावरच रबर बसवावे, नाहीतर ती ओल थेट लाकडात जाते. बॅट घाम पुसून बंद केसमध्ये ठेवावी. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत नको. रबर काढलेले ब्लेड काचेवर ठेवून डुगडुगते का पाहावे, बोटाने टकटक करून ऐकावे, मानेजवळ केसाएवढी भेग आहे का तपासावे. आवाज एखाद्या ठिकाणी बद्द येत असेल तर तिथे थर सुटले आहेत, आणि भेग वाढत असेल तर मात्र ब्लेड खरेच बदलायला हवे.