लूपच्या आधी तक्ता

२००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि सातारा-सांगली जिल्ह्यांत तालुक्याच्या गावांपासून मोठ्या बाजारपेठांच्या गावांपर्यंत संगणक केंद्रांच्या पाट्या लागल्या. दहावीच्या सुट्टीत हजारो मुलामुलींनी त्या केंद्रांत एक्सेल शिकून घेतले. स्तंभातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज एका सूत्रात होते, दोन स्तंभांचा गुणाकार एका फटक्यात खाली उतरवता येतो, हे त्यांना आठवड्याभरात जमले. याच मुलांनी पुढे अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतले, तेव्हा सी प्लस प्लसच्या धड्यात तोच आकड्यांचा स्तंभ ॲरे या नावाने पुन्हा भेटला, पण मेमरीतल्या ओळीने मांडलेल्या कप्प्यांच्या रूपात. एका कप्प्यात जा, आकडा उचल, पुढच्या कप्प्यात जा. तक्ता एकसंध समजून त्याच्यावर काम करण्याची जी सवय लागू पाहत होती ती तिथेच तुटली. या पंचवीस वर्षांकडे मागे वळून पाहताना मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते. सबंध तक्त्यावर एकदम क्रिया करणाऱ्या भाषा, म्हणजे ॲरे भाषा, आपल्याकडे आल्या, पण उशिरा आल्या, आणि ज्यांच्यासाठी त्या सर्वांत सोयीच्या होत्या त्या नवशिक्यांपर्यंत पोहोचल्याच नाहीत.

फरक नेमका कुठे पडतो ते दुधाच्या पगारावर पाहता येते. कृष्णाकाठच्या अनेक गावांत डेअरीचे बिल दहा दिवसांनी निघते. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस नोंदी, प्रत्येक नोंदीला लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) आणि त्यावरून ठरलेला दर. सी भाषेत हे बिल काढायचे तर आधी बेरजेसाठी व्हेरिएबल जाहीर करा, त्यात शून्य ठेवा, मग लूप लावून मोजणीचा आकडा शून्यापासून एकोणीसपर्यंत फिरवा. एकोणीसऐवजी वीस लिहिले तर ॲरेच्या बाहेरचा कुठला तरी आकडा बेरजेत येतो आणि सी त्याबद्दल चकार शब्द काढीलच असे नाही. हे सगळे बरोबर असले पाहिजे यात शंका नाही, पण यातले काहीही दुधाबद्दल नाही. ॲरे भाषांची मूळ भाषा म्हणजे एपीएल. तिच्या रीतीने हेच बिल असे लिहिले जाते: +/ लिटर × दर. उजवीकडून वाचायचे: वीस लिटरांना वीस दरांनी जोडीजोडीने गुणा, आणि आलेल्या ओळीची बेरीज करा. डेअरीच्या भिंतीवरचे दरपत्रकसुद्धा असेच तयार होते. फॅटच्या वाढीची एक ओळ आणि एसएनएफच्या वाढीची दुसरी ओळ घेऊन ∘.+ हे चिन्ह मध्ये ठेवले की प्रत्येकाची प्रत्येकाशी बेरीज होऊन अख्खा तक्ता समोर येतो. त्यात साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफचा मूळ दर मिळवला की झाले. ओळींत साधे आकडे घेऊन बेरजेच्या जागी गुणाकार ठेवला तर दोन ते दहाचे पाढे मिळतात. विद्यार्थ्याला इथे नवे शिकावे लागते ते फक्त चिन्ह. त्यामागची कल्पना त्याच्या घरात आधीपासून आहे.

एपीएल जन्मली तीही शिकवण्याच्या गरजेतून. केनेथ आयव्हर्सन हार्वर्डमध्ये शिकवत असताना गणिती कृती नेमकेपणाने फळ्यावर मांडता याव्यात म्हणून त्यांनी ही चिन्हे बसवली. त्यांचे पुस्तक १९६२ चे आहे आणि आयबीएमच्या यंत्रावर एपीएल चालू झाली १९६६ मध्ये, म्हणजे बरीच वर्षे ती खडू-फळ्याचीच भाषा होती. मॅटलॅब या दुसऱ्या ॲरे भाषेची गोष्टही अशीच. क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत होते. फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम न लिहिताही विद्यार्थ्यांना मॅट्रिक्सची गणिते करता यावीत, म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती तयार केली. ती विकणारी कंपनी १९८४ मध्ये निघाली. दोन्ही भाषा नवशिक्यांसाठी घडल्या आणि आपल्याकडे दोन्ही तज्ज्ञांची हत्यारे म्हणून पोहोचल्या.

सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी १९६० चे. या परंपरेच्या महाविद्यालयांत मॅटलॅबला जागा मिळाली ती साधारणपणे वरच्या वर्गात, सिग्नल प्रोसेसिंग किंवा कंट्रोल सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला. तोवर लूपची सवय हाडात मुरलेली असे. मग मॅटलॅबमध्येही विद्यार्थी सी लिहीत, जर्नलवर सही होई आणि विषय संपे. शिवाय परवान्याची किंमत अशी की ती प्रयोगशाळेपुरतीच राही, घरच्या संगणकावर येत नसे. किमतीची अडचण सुटण्याची संधी पुढे आली. केंद्र सरकारने २००९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली, त्यातून मुंबईच्या आयआयटीत 'फॉसी' प्रकल्प उभा राहिला आणि त्याने फ्रान्समध्ये घडलेली, फुकट मिळणारी सायलॅब उचलून धरली. 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाने तिचे छोटे पाठ मराठी आवाजातही दिले. पडद्यावर इंग्रजी आज्ञा, कानावर मराठी, आणि विद्यार्थ्याने थांबत थांबत स्वतः करून पाहायचे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी याहून मोलाचे काम या क्षेत्रात क्वचितच झाले असेल. तरीही सायलॅब अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिली, कारण पहिल्या वर्षाची जागा सीने धरलेली होती. तंत्रनिकेतनांच्या २०१७ पासूनच्या अभ्यासक्रमात संगणक शाखेला पायथन आली तीही सहाव्या सत्रात, आणि पायथनमध्ये एपीएलचा वारसा चालवणारे नमपाय हे पॅकेज त्याआधी येणे शक्यच नव्हते.

आधी ॲरे भाषा शिकवावी म्हटले की जुन्याजाणत्या शिक्षकांचा पहिला आक्षेप असतो: लूप न शिकता विद्यार्थ्याला यंत्र कसे कळणार? आक्षेपात तथ्य आहे. मेमरी म्हणजे काय, वेळ कुठे जातो, हे अभियंत्याला कळलेच पाहिजे. पण त्यासाठी लूप पहिल्या दिवशीच हवा असे सिद्ध होत नाही. देवळालीच्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा आकडा घ्या. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ०००० ते ९९९९ मधल्या, चारही अंक सारखे असलेल्या दहा संख्या वगळल्या तर उरतात ९९९०. ॲरे भाषेत या सगळ्यांवर एक पायरी एकदम करता येते, त्यासाठी लूप लागत नाही. पण दुसरी पायरी पहिलीच्या उत्तरावर अवलंबून आहे, ती पुन्हा करावीच लागते. आणि जास्तीत जास्त सात वेळा केली की सगळा तक्ता ६१७४ ने भरून जातो. कुठले पुनरावर्तन खरे गरजेचे आणि कुठले केवळ भाषेने लादलेले, हे विद्यार्थ्याला इथे स्वच्छ दिसते. आधी सी शिकलेल्याला दोन्ही सारखीच दिसतात.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. या भाषा कधी कधी गुपचूप चुकतात. नमपायमध्ये वीस आकड्यांची आडवी ओळ आणि वीस आकड्यांचा उभा स्तंभ यांचा गुणाकार सांगितला तर ते तक्रार करत नाही, चारशे आकड्यांचा तक्ता देऊन मोकळे होते. मॅटलॅब आणि सायलॅबमध्ये नुसती तारका (*) मॅट्रिक्सचा गुणाकार करते आणि टिंब लावलेली तारका (.*) जोडीजोडीचा. नवशिका यात हमखास अडकतो. यावर उपाय शिकवण्याच्या क्रमातच आहे. उत्तर पाहण्याआधी उत्तराचा आकार सांगायचा: किती ओळी, किती स्तंभ. वहीत आधी आकार लिहायचा, मग कळ दाबायची. सीच्या शिक्षकाला जशी कोरड्या धावेची, कागदावर व्हेरिएबल तपासत जाण्याची सवय लावावी लागते, तेवढेच कष्ट इथेही आहेत.

राहिला नोकरीचा आक्षेप; तो मुद्दा आता उलट बाजूला झुकला आहे. आकडेवारीचे आणि यंत्र-शिक्षणाचे आजचे बहुतेक काम ॲरेवरच चालते, तेव्हा त्यावर शब्द खर्च करत नाही. उणीव आहे ती इथल्या मातीतल्या गणितांची. पाठ्यपुस्तकातला ॲरे बहुधा पाच विद्यार्थ्यांच्या गुणांवर सुरू होतो आणि तिथेच संपतो. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. रोजच्या पातळीची ओळ घेऊन +/ पातळी > ४५ लिहिले की तुलना प्रत्येक दिवसाला १ किंवा ० देते आणि त्यांची बेरीज म्हणजे धोक्याच्या वरचे दिवस. सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाच्या विसर्गाची ओळ तिच्याशेजारी ठेवा, एक-एक दिवसाने सरकवून पाहा. पाणी सोडल्यावर सांगलीला पातळी चढायला किती वेळ लागतो, महाबळेश्वरच्या पावसाचा त्यात वाटा किती, हे प्रश्न मग वर्गातूनच यायला लागतात. पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्याला ते दहा-बारा ओळींत विचारता येतात. सीमध्ये तिथवर पोहोचेपर्यंत सत्र संपते.