मुंबईच्या गटारातला युरिया

2011च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. आकडा जुना आहे, पण हिशेबाला पुरे. भारतीय माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण 2.7 किलो नायट्रोजन बाहेर पडतो. आपल्या ताटात प्रथिनं बेताची, त्यामुळे युरोपातल्या माणसापेक्षा हा आकडा कमीच. गुणाकार केला की 33 हजार टनांच्या वर जातो. युरियात नायट्रोजन 46 टक्के, म्हणजे हा झाला 73 हजार टन युरिया. 45 किलोच्या सोळा लाख गोण्या! रोजचे दोनशे टन. नऊ टनी ट्रकात भरले तर बावीस ट्रक, तेही गणपतीत सुट्टी न घेता.

खत कारखाने हवेतलाच नायट्रोजन पकडून अमोनिया करतात. जगातल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण एक टक्का त्यातच खर्च होतो. मग तो नायट्रोजन डाळ-भातातून आपल्यात येतो, आपल्यातून गटारात जातो. सांडपाण्यातून नायट्रोजन काढणाऱ्या केंद्रात मोठमोठे ब्लोअर टाकीत हवा सोडत राहतात आणि जिवाणू त्याच अमोनियाचा पुन्हा नायट्रोजन वायू करून टाकतात. केंद्राच्या विजेतला निम्म्याच्या आसपास वाटा या हवेचाच. पकडायला वीज, सोडायलाही वीज. याला व्यवहार म्हणायचं तरी कसं?

तरी हा नायट्रोजन कोणी पकडून ठेवत नाही, याचं कारण पैशात आहे. गोणीला 266 रुपये 50 पैसे या दराने सोळा लाख गोण्यांचे होतात जेमतेम 43 कोटी. मुंबईतल्या सात नव्या मलजल केंद्रांचा खर्च सतरा हजार कोटींच्या वर आहे. शिवाय मूत्र माणशी दिवसाला दीडेक लिटर आणि त्यावर शंभराहून जास्त लिटर पाणी ओतलेलं. सांडपाण्यात मूत्र जेमतेम एक टक्का, पण ऐंशी टक्के नायट्रोजन त्यातच.

ऊर्जेचं गणितही असंच डोळे दिपवतं. सात केंद्रांची क्षमता रोज 2,464 दशलक्ष लिटर. हजार लिटर मैलापाण्यात रासायनिक ऊर्जा साधारण दोन युनिट, म्हणजे रोज पन्नास लाख युनिटांच्या आसपास. बायोगॅस करून वीज केली तर हाती लागतो त्यातला लहानसा हिस्सा. तरी डेन्मार्कमधल्या ऑर्हूसचं मार्सेलिसबोर्ग केंद्र स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त ऊर्जा तयार करतं.

माझ्या मते खरी किंमत फॉस्फरसची आहे. तो हवेतून काढता येत नाही, खाणीतूनच आणावा लागतो, आणि जगातले जवळपास सत्तर टक्के साठे मोरोक्कोच्या ताब्यात. मुंबईच्या मलमूत्रातला वर्षाचा फॉस्फरस पाच हजार टन, म्हणजे डीएपी खताच्या पाच लाख गोण्या. लॉस एंजेलिसच्या हायपेरियन केंद्रात 1960च्या दशकात पाइपांत पांढरे, टणक खडे साचून पाइप तुंबू लागले. ते होतं स्ट्रुव्हाइट: मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. आज गाळातून निघालेल्या पाण्यात मॅग्नेशियमचं मीठ घालून तेच खडे मुद्दाम पिकवतात. शिकागोच्या स्टिकनी केंद्रात 2016मध्ये असा कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला दहा हजार टनांच्या घरात.

पण स्ट्रुव्हाइटच्या खड्यात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचा एकच अणू बसतो. मुंबईचा सगळा फॉस्फरस असा पकडला, तरी सोबत येईल सव्वादोन हजार टन नायट्रोजन. उरलेले एकतीस हजार टन तसेच.