आठव्या चालीची मात आणि तिच्याभोवतीचे गैरसमज

मोबाइलवरच्या तीन मिनिटांच्या डावात गेवराईतल्या खेळाडूसमोर कोणत्या देशाचा प्रतिस्पर्धी येईल, याचा नेम नसतो. स्टॅफर्ड गॅम्बिट टाकणारा मात्र कधी ना कधी भेटतोच. एरिक रोझेन या अमेरिकी इंटरनॅशनल मास्टरच्या व्हिडिओंनी ही ओपनिंग लोकप्रिय केली.

‘ब्लिट्झमध्ये जिंकून देते, म्हणजे ती पक्की आहे,’ हा सर्वांत मोठा गैरसमज. पेट्रॉव्ह बचावात पांढऱ्याचा घोडा ई५ वरचं प्यादं मारतो, तेव्हा काळ्याची नेहमीची चाल असते डी६. स्टॅफर्डवाला दुसरा घोडा सी६ वर आणतो. घोड्यांची मारामारी होते आणि काळा एका प्याद्याने मागे पडतो; वर सी-पट्टीत त्याची प्यादी एकामागे एक अडकतात. बदल्यात उंटांना मोकळे रस्ते मिळतात. पांढऱ्याने डी३ खेळलं आणि काळ्याचा उंट सी५ वर आला, की पांढऱ्याचा हात आपसूक उंट जी५ वर नेतो. काळा घोडा जखडला, असं वाटतं. घात इथेच होतो! तो घोडा वजीर उघडा टाकून ई४ वरचं प्यादं मारतो. हावरेपणाने वजीर घेतला, की उंटाचा एफ२ वर शह, राजा ई२ वर, दुसरा उंट जी४ वर आणि आठव्या चालीला मात. वजीर सोडून घोडा मारला, तरी एफ२ वरच्या शहानंतर पांढऱ्याचाच वजीर जातो.

देखणं आहे, यात वाद नाही. पण तो उंट जी५ वर नेण्याऐवजी दुसरा उंट साधा ई२ वर ठेवला, तर ही मात उरत नाही. पांढरा सांभाळून खेळला तर जास्तीचं प्यादं राखून वरचढ राहतो.

मग संगणक या ओपनिंगला वाईट म्हणतो म्हणून ती टाकाऊ? तसंही नाही. फिडेच्या नियमांत दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळाचा डाव म्हणजे ब्लिट्झ. तीन मिनिटांत ४० चाली करायच्या, तर एका चालीला साडेचार सेकंद मिळतात. संगणक प्रत्येक उत्तर अचूक धरून हिशेब करतो, समोरचा माणूस तसा खेळतोच असं नाही. तोच माणूस दुसऱ्यांदा भेटला, तर मात्र अवघड.

सगळे गॅम्बिट फसवे, ही समजूतही चुकीची. क्वीन्स गॅम्बिट जगज्जेतेपदाच्या लढतींत खेळला जातो. कलकत्त्यात वकिली करणाऱ्या जॉन कॉक्रनने १८४८ मध्ये महेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध पेट्रॉव्हमध्येच एफ७ वर घोडा दिला होता. त्या धाडसाला आजही कुणी पक्कं म्हणत नाही, तरी ग्रँडमास्टर टोपालोव्हने १९९९ मध्ये लिनारेसच्या स्पर्धेत क्रॅमनिकविरुद्ध तेच केलं आणि डाव बरोबरीत सुटला.

आणि वेगवान डाव सापळ्यांनीच जिंकतात का? नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला रॅपिड टायब्रेकमध्ये १.५–०.५ असं हरवलं. निर्णायक डाव ओपनिंगमध्ये संपला नव्हता. तो लांबला आणि घड्याळाच्या दडपणाखाली हम्पीकडून चुका झाल्या. त्या विजयाने दिव्याला ग्रँडमास्टर किताबही मिळाला.